बुडबुडा मधोमध

गाड्यांचा तळ पाण्याच्या काठी होता आणि तिथली सगळी जमीन पाण्याकडे कललेली होती. नुसतं उभं राहिलेलं माणूसही नकळत पाण्याकडे एक पाऊल टाकायचं. चाकांवरची घरं घेऊन लोक यायचे, चार दिवस हवा खायचे आणि निघून जायचे. काही थोडे मात्र बारमाही तिथेच राहत, कारण त्यांना परत जायला दुसरं घर नव्हतं. त्यांच्यासाठी फाटकावर पाटी होती. एका जागी महिनाभर राहायचं, मग जागा बदलायची. गवताला श्वास घेऊ द्यायचा. ती पाटी वाचून मिस्तरीची बायको पहिल्या दिवशी हसली होती. म्हणाली, "गवताचं नशीब चांगलं. त्याची कोणीतरी काळजी करतंय." पुढे तिचं हसू मावळलं. जागा बदलली की घर पुन्हा सरळ करावं लागे, आणि म्हातारपणी घर सरळ होणं हीच तिच्या संसारातली सगळ्यात अवघड गोष्ट होऊन बसली.

मिस्तरी म्हणजे गवंडी. त्याचा उभा जन्म दुसऱ्यांच्या भिंती उचलण्यात गेला. स्वतःची एक वीटही त्याने कधी रचली नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत लेक वाढवली, तिचं लग्न केलं. मग खोल्यांच्या मालकाने इमारत पाडायला काढली, आणि त्याच सुमारास बायकोचा थोरला भाऊ वारला. त्याला ना मूल ना बाळ. त्याच्या मागे एक जुना ट्रेलर उरला, तो बहिणीला मिळाला. दोन्ही बाजूंना एकेक बिछाना, मधे बोळासारखी चिंचोळी वाट, पुढे चूल आणि मोरी, उजवीकडे दार. बायको म्हणायची, "माहेरहून सोनं-नाणं नाही आलं, पण घर आलं. तेही चाकांवर. कोणाच्या बायकोने आणलं होतं?" मिस्तरीला हे बोलणं आवडायचं, पण तो तसं दाखवायचा नाही.

घर तिचं होतं, आणि ते सरळ ठेवायचं काम त्याचं. असा दोघांचा न बोललेला करार होता.

जागा बदलायचा दिवस आला की शेजारचा ड्रायव्हर आपली जीप घेऊन यायचा. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला, बायको गेलेला, गोल पोटाचा माणूस. त्याचाही ट्रेलर तिथेच असे. तो हळूहळू जीप मागे घेई. मिस्तरी ट्रेलरचा दांडा जीपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसवी आणि मिरवणुकीच्या चालीने घर नव्या जागी जाई. खरा खेळ तिथून पुढे.

आधी घर आडवं, म्हणजे डाव्या-उजव्या अंगाने, सरळ करायचं, मग उभं, म्हणजे पुढून-मागून. आडव्यासाठी ज्या अंगाला घर खाली असेल त्या बाजूच्या चाकापुढे फळ्या मांडायच्या. दोन, तीन, लागतील तशा. मग ड्रायव्हरने जीप बोटभर बोटभर पुढे घ्यायची, चाक फळीवर चढलं की थांबायचं. मिस्तरी दारातून आत जाई, ओणवा होऊन मधल्या वाटेवर पाणसळ आडवी टेकवी आणि काचेच्या नळीत पाही. पिवळट पाण्यात एक बुडबुडा, दोन काळ्या रेघा. बुडबुडा रेघांच्या मधोमध आला की घर आडवं सरळ. मग चाकांना पुढून-मागून लाकडी उटी ठोकायची म्हणजे ते घरंगळणार नाही, जीप सोडवायची, आणि दांड्याखालचा जॅक फिरवून पुढचं अंग वर-खाली करत उभी सपाटी साधायची. शेवटी चार कोपऱ्यांचे लोखंडी पाय खाली सोडायचे. नुसते टेकतील एवढेच. त्यांच्यावर भार द्यायचा नाही, भार चाकांनीच घ्यायचा.

हे सगळं होईपर्यंत बायको बाहेर घडीच्या खुर्चीत बसून असायची. मांडीवर तिचा पांढरा मोठा वाडगा. तो भावाचा होता आणि प्रवासात फुटेल म्हणून ती तो दर वेळी हातात धरून बसे.

"मिस्तरी, आज होईल ना?" ड्रायव्हर जीपमधून डोकं काढून ओरडायचा. "नाही, मी जेवून येतो तोवर."

"तुम्ही गाडी बघा. तोंड चालवायला डिझेल लागत नाही म्हणून काय सारखं चालवायचं?"

"अहो, राहायचं आहे की रॉकेट सोडायचं आहे? माझी पद्धत बघा. रिकामी बाटली जमिनीवर आडवी ठेवायची. घरंगळली तर फळी सारायची, नाही घरंगळली तर आपण आडवं व्हायचं. खेळ खल्लास."

मिस्तरीला ही बाटलीची पद्धत म्हणजे शिवी वाटायची. "बाटली," तो तोंडातल्या तोंडात म्हणायचा. "आत काय होतं त्यावर ठरत असेल तिची सपाटी." आणि पुन्हा ओणवा व्हायचा. दर खेपेला तो आतून ओरडायचा, "बुडबुडा मधोमध!" त्यावरून तळावरची पोरं त्याला बुडबुडेकाका म्हणू लागली. त्याला राग नव्हता. मधोमध असलेल्या गोष्टीवरून नाव पडलं, यात कसला राग?

बुडबुडा मधोमध आला की बायकोला आत यायची परवानगी. ती यायची, वाडगा फडताळात ठेवायची, डाव्या भिंतीलगतच्या आपल्या बिछान्यावर आडवी व्हायची आणि डोळे मिटायची. मिस्तरी दारात उभा राहून तिच्या तोंडाकडे बघायचा.

"अहो," ती म्हणायची, "मी वाटेवर पडेन असं वाटतंय."

"बुडबुडा मधोमध आहे."

"असेल. पण मी घसरतेय."

हे दोन वर्षं चाललं होतं.

ती पहिल्या आठवड्यापासून सांगत होती. रात्री ती खिडकीच्या कडीला धरून झोपायची. कडी हाताला काचायला लागली तेव्हा तिने जुन्या चादरीची एक लांब पट्टी फाडली, कडीला बांधली आणि तिचं टोक मुठीला गुंडाळून झोपू लागली. सकाळी तळव्यावर पट्टीच्या विणीचा ठसा असायचा. आधी ती तो त्याला दाखवायची. नंतर दाखवेनाशी झाली.

आणि घर तर रोज बोलत होतं. तव्यावर अंडं फोडलं की ते दाराच्या बाजूला पळायचं. मिस्तरी म्हणायचा, तव्याचं बूड गेलंय. भिंतीवरच्या कपाटाचं दार आपोआप उघडायचं. तो म्हणायचा, बिजागरी सैल झालीय, आणि बिजागरी आवळायचा. मोरीतलं पाणी भोकाच्या अलीकडेच साचून राहायचं. तो म्हणायचा, तुझ्या भावाने मोरी बसवताना हात आखडता घेतला. तवा, बिजागरी, मेहुणा, सगळे खोटे ठरले. खरी एकटी पाणसळ.

त्या पाणसळीची गोष्ट सांगितल्याशिवाय मिस्तरीची गोष्ट पुरी होत नाही.

ती त्याच्या उस्तादाची होती. हातभर लांब, काळ्या जड लाकडाची, दोन्ही टोकांना पितळी टोपणं. एका टोपणावर उस्तादाने खिळ्याने आपली खूण कोरली होती, माशाच्या आकाराची. उस्तादाच्या टोळीत एक रीत होती. नवी पाणसळ बाजारातून आणली की ती एकाच जागी आधी सुलटी ठेवायची, मग टोकं बदलून ठेवायची. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच ठिकाणी थांबला तर पाणसळ खरी. हे प्रत्येक शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी शिकवायचे. पण उस्तादाची पाणसळ कोणी उलटून बघायची नाही. तिचं माशाचं टोक नेहमी उजव्या हाताला. जो ती उलटी धरील त्याने उस्तादाच्या शब्दावर संशय घेतला असं धरलं जाई, आणि त्याला दुसऱ्या दिवशी कामावर बोलावत नसत. उस्ताद म्हातारा झाला, हात कापू लागले, तेव्हा त्याने पाणसळ मिस्तरीच्या हातात दिली. म्हणाला, "अंग खोटं बोलतं, डोळा खोटं बोलतो. ही बोलत नाही." मिस्तरीने ती कपाळाला लावली. त्या दिवसापासून मासा नेहमी उजवीकडे. विटांवर, चौकटींवर, ओट्यांवर आणि शेवटी बायकोच्या माहेरच्या या घरात, ओणवं होऊन, मासा दाराच्या बाजूला.

ट्रेलर मिळायच्या आदल्या वर्षी तो परांचीवरून पडला होता. बांबू निसटला, फळी उलटली, मिस्तरी खाली, त्याच्यामागून थापी आणि तिच्यामागून पाणसळ. कमरेचं हाड मोडलं. ते जुळलं, पण उजवा पाय बोटभर आखूड झाला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न पाणसळीचा विचारला. बायकोने ती पिशवीतून काढून दाखवली. काच फुटली नव्हती. पाणी सांडलं नव्हतं. त्याने नळीवरून अंगठा फिरवला आणि डोळे मिटले. म्हणाला, "मी मोडलो, ती नाही मोडली. बरं झालं."

बायको तीन महिने त्याचं हगणं-मुतणं काढत होती. तिला हे वाक्य लागलं की नाही, कोण जाणे.

ट्रेलरमधे आल्यावर त्यालाही पहिले काही दिवस जमीन कललेली वाटली होती, पण त्याने ते मनावर घेतलं नाही. पाय आखूड, कंबर वाकडी. अशा माणसाला सरळ जमीनही कललेलीच वाटणार. आपण वाकडे, जग सरळ, असं त्याने स्वतःला समजावलं आणि सवय करून घेतली. शिवाय त्याचा बिछाना उजव्या, दाराकडच्या भिंतीलगत होता. तिथे पाठ भिंतीला अशी छान टेकायची की जणू कोणी मागून धरलंय. तो गाढ झोपायचा. समोर, हातभर वाटेपलीकडे, त्याची बायको पट्टीला लोंबकळत रात्र काढायची.

दिवसाही तिला भोवळ येऊ लागली. वाटेवरून चालताना ती दोन्ही हातांनी भिंती धरायची. डॉक्टरने कान तपासला, डोळ्यांपुढे बोट नाचवलं आणि सांगितलं की वयानुसार कानातला तोल बिघडतो. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची आणि उठली की अधिकच हेलकावायची. मिस्तरीला वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगा, त्याला जरा बरंही वाटलं. डॉक्टरने दोष कानात काढला होता, घरात नाही.

एकच गोष्ट त्याला खुपायची. दुपारी ती ड्रायव्हरच्या ट्रेलरमधे जाऊन बसायची आणि तिथे तिला भोवळ यायची नाही.

"वहिनी माझ्याकडे दोन तास बसल्या," ड्रायव्हर सांगायचा. "भाजी निवडली, मला चार शिव्या दिल्या, डुलकीसुद्धा काढली. तुमच्याकडेच काय होतं त्यांना?"

"तुमच्याकडे तुमची बडबड असते. जीव रमतो. त्यात विसरते."

"मग तुम्ही पण करा की बडबड. फुकट आहे."

मिस्तरीने त्या संध्याकाळी खरंच प्रयत्न केला. शिकाऊ असतानाची गंमत सांगायला घेतली. एका सावकाराच्या घराची चिमणी बांधताना आत चिमणीने घरटं केलं आणि उस्तादाने पिल्लं उडेपर्यंत काम थांबवलं होतं ती. बायकोने ऐकली. हसलीही. मग म्हणाली, "अहो, त्यांच्या घरात बाटली ठेवून बघतात ना, तसं एकदा आपल्या घरात बघता का?"

मिस्तरी ताडकन उठला. "चाळीस वर्षं मी घरं बांधली. आता बाटलीला विचारू?"

"तसं नाही—"

"तुला तो बसवाला शहाणा वाटतो."

तिने पट्टी मुठीला गुंडाळली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तिने घर कललंय असं कधी म्हटलं नाही. विचारलं तर म्हणायची, "बरंय." माणूस असं "बरंय" म्हणू लागलं की समजावं, त्याने सांगणं सोडलं. मिस्तरीला वाटलं, गोळ्या लागू पडल्या.

मग एक दिवस ती वाटेवर पडली. पहाटे उठताना पट्टी हातातून सुटली आणि ती बिछान्यावरून सरळ खाली, चुलीच्या कोपऱ्यावर. भुवई फुटली. टाके पडले. लेक धावत आली.

लेक शहरात एका दुकानासाठी घरी कपडे शिवायची. नवरा, दोन मुलं, दोन खोल्या. तिने आईच्या डोक्यावरची पट्टी बघितली, खिडकीला बांधलेली चादरीची पट्टी बघितली आणि बापाला बाहेर बोलावलं.

"बाबा, हे काय आहे? आई स्वतःला बांधून घेऊन झोपते?"

"तोल जातो तिचा. कानाचं दुखणं आहे. डॉक्टरने सांगितलंय."

"मग तिला घेऊन जाते मी."

"अगं, पण—"

"पण काय? मुलांच्या खोलीत एक कॉट मावते. दोन नाही मावत, बाबा. मावल्या असत्या तर तुम्हालाही नेलं असतं, मला काय हौस आहे का?" तिचे डोळे भरले होते आणि त्याचाच तिला राग येत होता. "थंडी पडेपर्यंत बघते. तोवर चक्कर थांबली तर ठीक. नाहीतर आई माझ्याकडे. कायमची."

मिस्तरीने मान हलवली. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती. दवाखान्यातले दिवस सोडले तर दोघं एका छपराखाली झोपली नाहीत अशी रात्र नव्हती. आणि आता सगळं एका सपाटीवर येऊन ठेपलं होतं.

तो पछाडल्यासारखा कामाला लागला. जागा बदलायची वेळ नसतानाही रोज सकाळी पाणसळ काढून बघू लागला. आडवी, उभी, बिछान्यावर, बिछान्याखाली. बुडबुडा केसभर हलला तरी जॅकला अर्धा फेरा. कोपऱ्याचे पाय वर घ्यायचा, पुन्हा टेकवायचा. रात्री जमीन दबते म्हणून चाकांखाली दगडी फरशा सरकवल्या. बिछान्याच्या कडेला हातभर उंच फळी ठोकली, म्हणजे ती पडणार नाही. ती त्या फळीआड पाळण्यातल्या पोरासारखी निजायची आणि छताकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "आता पडत नाही. आता फळीवर रेलून झोपते. पोत्यासारखी." तो म्हणाला, "बघ, झाली की नाही सोय?" तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

ड्रायव्हरने हात टेकले. "मिस्तरी, किती सरळ कराल? सरळ करता करता मोडाल एखाद्या दिवशी."

"मोडू दे. पण वाकडं नाही राहू देणार."

थंडी आली. पाण्यावरून सकाळचं धुकं उठू लागलं आणि गवताची पाती कडक झाली. लेक जावयाच्या गाडीतून आली. बायकोने सामान आधीच बांधून ठेवलं होतं. एक पिशवी आणि एक गाठोडं. मिस्तरीने सकाळपासून तोंडात घास घातला नव्हता. गाडी फाटकात दिसली तसा तो पाणसळ घेऊन आत शिरला.

"जरा थांब," तो म्हणाला. "एकदा बघतो. कालपासून जॅक थोडा उतरल्यासारखा वाटतो."

"अहो, राहू द्या."

"पाचच मिनिटं. मग झोपून बघ. आज नक्की बरं वाटेल."

बाहेर जावयाने हॉर्न वाजवला, आणि लेकीने त्याला दटावलेलं ऐकू आलं. मिस्तरी ओणवा झाला. आखूड पाय मागे ताणला गेला, तोंड जमिनीला लागलं. मासा दाराकडे. बुडबुडा सरकला, थरथरला आणि थांबला.

"बघ. तूच बघ."

बायको गुडघ्यांवर बसली. तिला ते सोपं नव्हतं. एका हाताने तिने चुलीची कड धरली होती. तिने नळीत पाहिलं. मग त्याच्या घामेजलेल्या कपाळाकडे पाहिलं आणि पदराने ते पुसलं.

"हो," ती म्हणाली. "मधोमध आहे."

वाडगा तिने फडताळातच ठेवला. लेक म्हणाली, "आई, मामाचा वाडगा?" ती म्हणाली, "राहू दे. यांना दूध-पाव खायला लागतो." आणि गाडीत बसली. गाडी उतारावरून वळताना तिने खिडकीची काच खाली घेतली, पण तोवर जावयाने वेग घेतला होता.

पुढे मिस्तरी नुसता बसून असायचा. घर सरळ करायचं कारण राहिलं नव्हतं. महिना भरला, फाटकावरची पाटी आठवली, ड्रायव्हरने घर ओढून दुसऱ्या जागी नेलं. मिस्तरीने सवयीने पाणसळ टेकवली, पण "बुडबुडा मधोमध" असं ओरडला नाही. बाहेर खुर्ची रिकामी होती.

एका दुपारी ड्रायव्हर दारात आला. "तुमची ती राणी द्या की जरा. रेडिओसाठी फळी मारतोय. बाटली भिंतीवर उभी राहत नाही."

आजवर पाणसळ कोणाच्या हातात गेली नव्हती. मिस्तरीने खांदे पाडले. "न्या."

ड्रायव्हर गेला आणि थोड्या वेळाने परत आला. पाणसळ हातात पेनासारखी गरगरा फिरवत.

"काय हो, ही राजकारणात होती का?"

"का?"

"फळीवर अशी ठेवली तर म्हणते उजवीकडे खाली कर. उलटी केली तर म्हणते डावीकडे खाली कर. शेवटी आपली बाटलीच लावली."

त्याने पाणसळ घेतली आणि ड्रायव्हर समोर उभा असतानाच मधल्या वाटेवर टेकवली. मासा दाराकडे. बुडबुडा मधोमध. मग, ज्या हाताने कधी हे केलं नव्हतं त्या हाताने, टोकं बदलली. मासा डाव्या भिंतीकडे. बुडबुडा एका झोक्यात निघाला, काळी रेघ ओलांडून पलीकडे गेला आणि नळीच्या टोकाला, तिच्या बिछान्याच्या बाजूला, जाऊन थांबला.

"मिस्तरी?" ड्रायव्हर म्हणाला.

मिस्तरीने फडताळातून पांढरा वाडगा काढला. वाटेवर ठेवला. तांब्याने त्यात पाणी ओतू लागला. पाणी चढलं, चढलं आणि दाराच्या बाजूने काठावरून सांडलं. तिच्या बाजूचा काठ दोन बोटं कोरडा होता. सांडलेलं पाणी उंबऱ्याकडे धावलं. अंडं धावायचं तसंच.

ड्रायव्हरला सगळं कळलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही. तो जाऊन फळ्या घेऊन आला.

त्या दोघांनी घर पुन्हा सरळ केलं. जीप जोडली, उटी काढली, दाराच्या बाजूचं चाक आणखी एका फळीवर चढवलं. जॅक फिरवून पुढचं अंग उचललं. या वेळी पाणसळ भिंतीला टेकून उभी होती; काम वाडग्याने केलं. पाणी चारी बाजूंनी काठोकाठ राहिलं आणि कुठूनच सांडलं नाही. कपाटाचं दार आपोआप बंद झालं आणि बंद राहिलं.

मिस्तरीच्या डोक्यात मात्र एकच प्रश्न घोळत होता. केव्हापासून? पाणसळ परांचीवरून पडली तेव्हापासून म्हणावं, तर पडण्याआधी एक बाई तक्रार घेऊन आली होती. तिच्या न्हाणीघरात पाणी भोकाकडे न जाता कोपऱ्यात साचतं म्हणून. त्याने तिला हसून परत पाठवलं होतं. आता ती कोपऱ्यात पाणी ढकलत उभी असलेली दिसू लागली. त्याच्या उचललेल्या भिंती एकेक करून डोळ्यांपुढे आल्या, आणि त्यांतली कोणती खरी हे सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं.

त्याने ड्रायव्हरच्या फोनवरून लेकीला फोन लावला. बायको फोनवर आली.

"जेवता ना?" तिने पहिलं हेच विचारलं.

"तू खरं सांगत होतीस," तो म्हणाला. "घर कललेलं होतं. तुझ्याकडून दाराकडे. पाणसळ बिघडलेली."

पलीकडे शिवणयंत्राचा आवाज चालू होता. तो थांबला. बहुधा लेकही ऐकत होती.

"आता केलं सरळ. वाडग्यात पाणी भरून बघितलं. तू ये."

"मला माहीत होतं हो," ती म्हणाली. "तुमच्या पाणसळीला माहीत नव्हतं."

"मग ये."

मग सावकाश, जणू शेजारणीला सांगावं तसं, म्हणाली, "इथे कॉट अरुंद आहे. मुलं रात्री बोलतात. पण खिडकीला काही बांधलेलं नाही. झोपताना माझे हात मोकळे असतात. दोन वर्षांनी मोकळे झाले. आता परत... आता नको. तुम्ही दूध घेत जा. अधूनमधून येत जा इकडे."

"येईन," तो म्हणाला.

फोन परत देऊन तो घरात आला. दुपार उतरत होती, उन्हाची एक पट्टी वाटेवर सपाट पडली होती. वाडगा अजून तिथेच भरलेला होता. तो ओलांडून मिस्तरी आपल्या बिछान्यावर आडवा झाला, पण पाठीला भिंत लागेना. जे कोणी मागून धरत होतं ते निघून गेलं होतं. तो उठला आणि समोर, तिच्या बिछान्यावर निजला. फळीला लागून तिच्या अंगाने गादीत खोल पन्हळ पडलेली होती. तो त्या पन्हळीत बसेना. भिंतीकडे सरकावं तर वाटे, आता खाली पडणार. घर केसभरही कललेलं नव्हतं. हे त्याला माहीत होतं. समोरच्या वाडग्यात पाणी स्थिर होतं.

तरी त्याचा हात वर गेला, खिडकीच्या कडीपाशी चाचपडला, आणि चादरीची पट्टी सापडल्यावर त्याने तिचं टोक मुठीला गुंडाळून घेतलं.